वर्तुळात पडणारी फट

पाणी उकळते तेव्हा अवस्थाबदल डोळ्यांना दिसतो. काही स्थित्यंतरे मात्र गणितातच सापडतात. असे एक स्थित्यंतर १९८०च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ स्पेंटा वाडिया यांनी, तसेच स्वतंत्रपणे डेव्हिड ग्रॉस आणि एडवर्ड विटन यांनी कणांच्या परस्परक्रियांच्या एका द्विमितीय सिद्धांतात दाखवले.

या सिद्धांतातील प्रचंड मोठ्या युनिटरी मॅट्रिक्सची आयगेन-मूल्ये वर्तुळावरच्या बिंदूंसारखी मांडता येतात. परस्परक्रिया तीव्र असताना बिंदू वर्तुळभर पसरतात. तिची तीव्रता ठरावीक मर्यादेखाली उतरली, की बिंदूंच्या वर्तुळात फट पडते. त्या मर्यादेपाशी मुक्त ऊर्जेचे पहिले दोन विकलज सलग राहतात, तिसऱ्यात खंड पडतो. म्हणून हे तृतीय कोटीचे स्थित्यंतर.

कमी मितींच्या स्ट्रिंग सिद्धांताचा अभ्यासही अशाच मॅट्रिक्स-प्रारूपांतून होतो. वाडिया पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आज हे स्थित्यंतर ग्रॉस-विटन-वाडिया या नावाने ओळखले जाते.