उतरताना दुखरा पाय आधी

नेपाळमधल्या मिशनकार्याचा एक धागा थेट नागपुरात येतो, हे आपल्याकडच्या फार थोड्या ख्रिस्ती मंडळींना ठाऊक असतं. ५ मार्च १९५४ रोजी वेगवेगळ्या मिशन संस्थांचे लोक तिथे जमले आणि आज ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या नावाने चालणारं काम सुरू झालं. त्याची वाट तयार केली होती एका पक्षीनिरीक्षकाने. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग १९४९ साली पक्ष्यांच्या अभ्यासासाठी नेपाळात गेले. परक्या माणसाला तो देश तोवर जवळजवळ बंदच होता. त्यांच्याबरोबर डॉक्टर असत, त्यामुळे मुक्काम पडला की रोगी गोळा होत. पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनच्या लोकांनी दवाखाना मागितला, सरकारने परवानगी दिली. परवानगी उपचारांची होती, धर्मप्रचाराची नव्हती.

ती अट आजही कायम आहे, उलट अधिक कडक झाली आहे. २०१५ च्या संविधानात धर्मांतर घडवण्याला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. मग तिथे महिनाभर जाऊन मिशनचं काम म्हणजे नेमकं काय करायचं, असं मला निघण्याआधी आमच्या चर्चमध्ये अनेकांनी विचारलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझी उमेदीची वर्षं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात गेली. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते रुग्णालय. तिथे रोग्याच्या खाटेजवळ जे करत होते, तेच करायला मी तानसेनला गेले.

गोरखपूरहून सुनौलीची सीमा ओलांडली की बुटवलपर्यंत सपाट मुलूख आहे. तिथून सिद्धार्थ राजमार्ग एकदम डोंगरात शिरतो आणि पावसाळ्यात दरडींनी वरचेवर अडतो. तानसेन साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर, उतारावर वसलेलं. हॉस्पिटलही उतारावरच आहे, त्यामुळे एका विभागातून दुसरीकडे जाताना चढण, पायऱ्या, पुन्हा चढण. व्यायामासाठी वेगळा जिना बांधायची तिथे गरजच नाही.

अस्थिरोग विभागातली बरीचशी माणसं पडलेली असतात. झाडावरून, कड्यावरून, घराच्या माळ्यावरून. डोंगराळ नेपाळात म्हशी-शेळ्यांचा पाला झाडावर चढून तोडतात आणि हे काम बहुतेक बायका आणि मुलं करतात. पावसात फांदी निसरडी होते. माझ्या वाट्याला आलेली एक आमा (नेपाळीत आई) अशीच पडलेली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती. आता तिला उभं करायचं, पण मोडक्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, फक्त पंधरा किलोच्या आसपास.

हे ‘पंधरा किलो’ कळायचे कसे? शहरात आम्ही वजनकाट्यावर पाय ठेवायला सांगतो, काटा बघून पेशंट अंदाज घेतो. तिथला वजनकाटाही तसाच होता, पण आमाला अंक वाचता येत नव्हते. विभागातल्या नेपाळी फिजिओथेरपिस्ट दिदीने तिला विचारलं, “आमा, चार पाथी तांदूळ उचलता ना? तेवढंच ओझं या पायावर.” पाथी हे तिथलं धान्याचं माप, चार पाथी तांदूळ म्हणजे पंधरा किलोला थोडे कमीच. आमाने डोळे मिटले, कुबड्यांवर अंग तोललं आणि पाय हळूहळू टेकवला. काटा चौदावर थांबला. तिने सात-आठ वेळा करून दाखवलं, काटा दर वेळी चौदाच्या अलीकडे-पलीकडेच. जन्मभर ओझी वाहिलेल्या अंगाला वजन किती बरोबर कळतं, हे मी पुस्तकात कुठे वाचलेलं नाही.

मग पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कुबडी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. जगभर हाच नियम शिकवतात. पण दिदीची शिकवणी तिथे संपत नव्हती. घर रस्त्यापासून किती तास? वाटेत दगडी पायऱ्या की मातीची पायवाट? चूल जमिनीवर आहे ना, मग उकिडवं बसता येईपर्यंत स्वयंपाक कोण करणार? संडास किती लांब? या उत्तरांवरून ती ठरवायची की या बाईला किती दिवसांनी घरी सोडायचं आणि सोडताना काय काय येत असलं पाहिजे. आमाचं अखेरचं ध्येय तिने तक्त्यावर लिहिलं होतं: नाम्लो कपाळावर, डोको पाठीवर, भरलेला. नाम्लो म्हणजे ओझ्याचा कपाळपट्टा, डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. आमाची शेती याच दोन वस्तूंवर चालते.

महिनाभरासाठी आलेल्या माणसाने अशा दिदीच्या हाताखाली काम करावं, असं माझं ठाम मत आहे. पाहुण्याला वेगळं दालन आणि वेगळे पेशंट दिले, तर त्याच्या परतीबरोबर ते उपचारही तुटतात. दिदीच्या यादीतला पेशंट तसा सुटत नाही.

सकाळी कामाआधी छोटी प्रार्थना व्हायची. वॉर्डात मात्र रोग्याने स्वतः म्हटलं तरच. कर्मचाऱ्यांत हिंदू पुष्कळ आहेत. शनिवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून चर्चची उपासनाही शनिवारी. दारातच सगळे “जयमसी” म्हणून हात जोडतात. बायका-पुरुष जमिनीवर वेगवेगळ्या बाजूंना बसतात, मादल या ढोलकीच्या ठेक्यावर भजनं होतात. आमच्याकडच्या ख्रिस्ती कीर्तनाची आठवण मला तिथे फार आली.

शेवटचे दिवस मी डोंगरासाठी ठेवले होते. पोखऱ्याला जाऊन नयापूल, तिथून उल्लेरीच्या तीन हजारांहून अधिक दगडी पायऱ्या, घोडेपानी, आणि पहाटे ३,२१० मीटरवरचा पून हिल. समोर ८,१६७ मीटरचा धौलागिरी, उजवीकडे अन्नपूर्णेची रांग. ते दृश्य पाहून मी मोठ्याने स्तोत्र म्हटलं, आजूबाजूच्या लोकांची पर्वा केली नाही. पण या प्रवासातलं खरं शिकणं पायऱ्यांवर झालं. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, काही गुडघ्याएवढ्या, काही बाहेरच्या बाजूला कललेल्या, आणि वरून खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं. दुसऱ्या बाजूने कालीगंडकीकाठच्या तातोपानीपर्यंत जवळजवळ सतराशे मीटरची उतरण आहे. तिथे मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा दिदीचा एकेक प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहिला. कुबडी टेकायला दोन वीत जागा नाही अशी वळणं मी मोजत गेले. अशाच वाटांवरून माणसं मोडका पाय घेऊन डोकोत बसून, कुणाच्या तरी पाठीवरून रस्त्याला लागतात, आणि म्हणूनच कित्येकांचं हाड हॉस्पिटलात पोचेपर्यंत वेडंवाकडं जुळू लागलेलं असतं.

आता आमच्या मंडळीतल्या दोन मुली तिकडे जायचं म्हणताहेत. एक नर्सिंग करते, दुसरी फिजिओथेरपी. नोंदणीचे कागद कित्येक महिने आधी पाठवा, हे त्यांना सांगून झालं आहे. सहलीचे दिवस मात्र मी त्यांना महिन्याच्या सुरुवातीला टाकायला लावले आहेत. आधी उल्लेरी चढायची, तातोपानीला उतरायचं, आणि मग तानसेनच्या वॉर्डात पेशंटला पहिली पायरी शिकवायची. त्या दोघींना पून हिल शेवटी हवा होता, त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी त्या तयार झाल्या.