पेढीचे ॲप कोणत्या जातीचे असावे?

भावाची विचारपूस व मालाची मागणी आता बहुतेक पेढ्यांवर मोबाइलवरूनच येते. तेव्हा आपलेही ॲप असावे, असा आग्रह घरातील तरुण मंडळी धरतात, तो रास्तच आहे. परंतु ॲप दोन जातींचे असते. एक फोनात उतरवून घ्यावयाचे. दुसरे वेब ॲप, जे पत्ता उघडताच ब्राउझरमध्ये चालू लागते.

ह्या निवडीत मोठ्या कंपन्यांनाही माघार घ्यावी लागली आहे. कपड्यांचा व्यापार करणाऱ्या मिंत्राने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून सर्व विक्री केवळ ॲपवर नेली. १ जून २०१६ रोजी संगणकावरील संकेतस्थळ तिला पुन्हा उघडावे लागले. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट, हिनेही ब्राउझरमध्ये चालणारे 'फ्लिपकार्ट लाइट' नोव्हेंबर २०१५ मध्ये काढले. सरकारी 'ई-नाम' बाजाराने तर संकेतस्थळ व ॲप ही दोन्ही ठेविली आहेत.

आता आपल्या जसोंडीसारख्या गावातील किराणा दुकानदाराचा विचार करावा. तो गहू, हरभरा, तूरडाळ चार-पाच ठोक व्यापाऱ्यांकडून उचलतो. फोनात जागा थोडी. मग प्रत्येकाचे निराळे ॲप तो कशास ठेवील? ज्याचा भाव एका टिचकीसरशी दिसेल, त्याच्याकडे तो वळेल. गिऱ्हाईक असे न बोलताच तुटते.

खर्चाविषयी बरेच गैरसमज आहेत. गूगलच्या दुकानात नाव नोंदविण्यास एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर पडतात. ही रक्कम काही मोठी नव्हे. तीस टक्के दलालीची जी भीती घातली जाते ती डिजिटल मालापुरती आहे, धान्याच्या पोत्यास ती लागत नाही. खरा भार पुढेच असतो. अँड्रॉइड व आयफोन ह्यांच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी निघतात, आणि त्यांबरोबर ॲपचीही डागडुजी करावी लागते.

मात्र खेडोपाडी वसुलीस जाणाऱ्या आपल्या माणसाची गोष्ट वेगळी. तेथे नेट मिळेलच असे नाही, आणि पावती तर जागेवरच छापून द्यावयाची असते. त्याच्या हाती उतरवून घेतलेले ॲपच बरे. म्हणून माझ्या मते गिऱ्हाइकास वेब ॲप द्यावे व वसुलीच्या माणसास उतरवून घ्यावयाचे.

काम कोणासही द्या, संकेतस्थळाचा पत्ता पेढीच्याच नावे नोंदवून घ्यावा, आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांची प्रत दर आठवड्यास आपल्या ताब्यात यावी, हे करारात लिहून घ्यावे.