मोठ्यांचे हृदय, तान्ह्यांचा श्वास

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करणे हे केवळ डॉक्टरांचे काम, अशी समजूत आपल्या समाजात दृढ आहे. ती अर्धीच खरी आहे. औषधे, व्हेंटिलेटर हे रुग्णालयाचे काम खरे. परंतु रक्ताभिसरण थांबल्यावर साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. गुजरातेत २००७ पासून १०८ ची सेवा आहे. तरीही लिंबायत वा डिंडोलीच्या अरुंद गल्लीत रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटे घरच्या माणसांचीच असतात.

२०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना माणसे कोसळल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. त्याच डिसेंबरात गुजरात शासनाने शालेय शिक्षकांना सीपीआरचे प्रशिक्षण दिले. छाती दाबायची असते, हे त्यामुळे पुष्कळांना ठाऊक झाले. मात्र बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला एक भेद आवर्जून सांगावासा वाटतो. मोठ्या माणसात बहुधा आधी हृदय थांबते व मग श्वास. तान्ह्या बाळात बहुधा आधी श्वास थांबतो व मग हृदय. पुढील सारी कृती या एका भेदावरून समजते.

मोठा माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात काही काळ पुरेल इतका प्राणवायू असतो. तो फिरविणारा पंप तेवढा बंद पडलेला असतो. बाहेरून छाती दाबून हा पंप चालविता येतो, हे १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखवून दिले. यांतील कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हे, विद्युत अभियंते होते! या उपायाला लागतात ते केवळ दोन हात.

माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर वेळ दवडू नये. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने १०८ ला कळवावे. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपरे ताठ करून दाबावे. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण तेवढ्या क्षणातच हृदयात रक्त भरते. प्रशिक्षण घेतलेल्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. इतरांनी न थांबता नुसते दाबत राहावे, तेही मोलाचे आहे. तापीत बुडालेल्याला मात्र श्वास देणे अगत्याचे.

वर्षाच्या आतील बाळाची गोष्ट वेगळी. न्यूमोनिया, घशात अडकलेला शेंगदाणा वा बटण, पाण्याने भरलेली बादली अशा कारणांनी श्वास कोंडतो आणि रक्तातील प्राणवायू संपल्यावर हृदय थांबते. येथे नुसती छाती दाबणे म्हणजे रिकामी टोपली फिरविणे. म्हणून श्वास हवाच. बाळाच्या तळपायावर टिचकी मारून प्रतिसाद पाहावा. मान फार मागे न वाकविता डोके सरळ ठेवावे. आपल्या ओठांनी बाळाचे तोंड व नाक दोन्ही झाकून, छाती किंचित उचलली जाईल एवढीच फुंकर घालावी. ३० दाब, २ श्वास हेच प्रमाण; बुडालेल्या बाळाला मात्र आधी २ श्वास. दाबाची खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर.

आम्ही डॉक्टर पूर्वी बाळासाठी दोन बोटांची पद्धत शिकलो व शिकविली. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत ती वगळली आहे. आता दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून दोन अंगठ्यांनी, अथवा एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने दाबावे.

घशात काही अडकून बाळाचे रडणे वा खोकणे बंद झाले असेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर ५ थापा व उताणे करून छातीवर ५ दाब, असे आलटून पालटून द्यावे. बाळ निपचित पडल्यास सीपीआर सुरू करावा. वस्तू दिसली तरच काढावी. आंधळेपणाने बोट घालू नये. बाळाला गदागदा हलविणे, पाय धरून उलटे टांगणे, तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगविणे यांत अमूल्य मिनिटे जातात व अपायही होतो.

आपल्या अनेक कुटुंबांत आईवडील कामावर जातात आणि तान्हे आजीपाशी असते. म्हणून हे शिक्षण प्रथम आजीला मिळाले पाहिजे. डॉक्टर बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, येत्या गणेशोत्सवात आपापल्या भागातील मंडळात एक संध्याकाळ या प्रात्यक्षिकासाठी मागून घ्यावी आणि मोठ्या पुतळ्याबरोबर बाळाचा पुतळाही न्यावा. वाचून हे ध्यानात येते; हाताला मात्र ते सरावानेच येते.