तेरडा : एका पावसाळ्याचे आयुष्य

भाद्रपदात पुण्याच्या टेकड्यांवर व सिंहगडाच्या उतारांवर तेरडा गुलाबी-जांभळ्या फुलांनी बहरतो. ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वपरिचित आहे. कोकणात तर तेरड्याची रोपे गौर म्हणून पूजिली जातात. लोकजीवनाशी अशी निगडित असलेली ही वनस्पती मूळची याच भूमीतील होय. इ. स. १७५३ मध्ये लिनीयसने तिला ‘इम्पेशन्स बाल्समिना’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘अधीर’ असा आहे. पक्व बोंडाला स्पर्श होताच ते तडकते व बी दूर उडते, हे या नावाचे कारण.

बी हाच आधार

तेरडा वर्षायू आहे. पहिल्या पावसाबरोबर तो उगवतो आणि पावसाळा सरल्यावर वाळून जातो. वृक्षाप्रमाणे खोड किंवा रानहळदीप्रमाणे कंद त्याच्यामागे उरत नाही. पुढील पावसाळ्यापर्यंत त्याचे अस्तित्व मातीतील बियांपुरतेच असते. बी धरण्यापूर्वीच सर्व रोपे उपटली गेली, तर त्या जागी पुढील वर्षांची पिढी क्षीण होत जाते.

ओसाड दिसणारी जमीन

तेरडा आज दुर्मीळ नाही. परंतु त्याची आश्रयस्थाने आक्रसत आहेत. टेकड्यांलगत बांधकामे वाढली. त्याचबरोबर, उघडे उतार ओसाड समजून तेथे मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. त्याच्या सावलीत उन्हावर वाढणाऱ्या स्थानिक पावसाळी वनस्पतींना वाव उरत नाही. लागवडीसाठी पाहणी उन्हाळ्यात केल्यास हे ध्यानात येत नाही, कारण त्यावेळी तेरडा, सोनकी, कवला या साऱ्या वर्षायू वनस्पती बीजरूपाने मातीत असतात. म्हणून अशी पाहणी भाद्रपदातही होणे आवश्यक आहे.

स्थानिक संस्थांचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. या नोंदवहीत वृक्षांबरोबर वर्षायू वनस्पतींनाही स्थान द्यावे. कोणत्या उतारावर कोणती फुले कोणत्या महिन्यात आढळतात, याची नोंद शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रतिवर्षी करवून घेतल्यास घट वेळीच लक्षात येईल. वनस्पतींच्या ओळखीसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुणे येथील केंद्र १९५५ पासून कार्यरत आहे.

गौरीसाठी रोपे घेताना काही रोपे बी धरण्यासाठी राखावीत, एवढा संयमही पुढील वर्षीच्या बहरास साहाय्यभूत ठरेल.