सैन्यभरती : तंदुरुस्ती आणि पात्रता यांतील फरक

दोन वेगळ्या कसोट्या. दमसास व ताकद यांची परीक्षा म्हणजे शारीरिक चाचणी, तर हाडे, डोळे, कान व दात यांची तपासणी म्हणजे वैद्यकीय चाचणी. त्यामुळे रोज पहाटे धावणारा, उत्तम दमाचा तरुणही वैद्यकीय चाचणीत अपात्र ठरू शकतो.

योजना. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवाकाल 4 वर्षांचा असून त्यानंतर कमाल 25 टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. 2023 पासून भूदलाच्या भरतीत संगणकावरील लेखी परीक्षा आधी आणि मैदानी चाचणी नंतर होते.

मैदान.
• 1.6 किलोमीटर धाव साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास सर्वाधिक, म्हणजे 60 गुण.
• आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेण्याच्या 10 आवृत्त्यांना 40 गुण.
• 9 फुटी खंदक ओलांडणे व नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणे. यांना गुण नसले तरी उत्तीर्ण होणे सक्तीचे.

वैद्यकीय तपासणी. श्वास भरल्यावर छाती किमान 5 सेंटीमीटर फुगावी लागते. तळपायाला कमान नसणे (सपाट पाय), सावधान उभे राहताना टाचांआधी गुडघे एकमेकांना भिडणे आणि रंगांधळेपणा ही अपात्रतेची नेहमीची कारणे होत. यांपैकी रंगांधळेपणा जन्मजात असल्यास सरावाने बदलत नाही. कानातील मळ मात्र साफ करून घेता येतो, आणि ही साधी बाब उमेदवारांनी आधीच उरकलेली बरी.