वकिलांच्या ऑफिसात दिसणारी ‘ती’ फ्रेंच व्यंगचित्रं आली कुठून?

काळे झगे, फुगलेले गाल, हवेत फेकलेले हात आणि खाली फ्रेंचमध्ये दोन ओळी. वकिलांची अशी जुनी चित्रं फ्रेम करून ऑफिसात किंवा दिवाणखान्यात लावलेली तुम्ही पाहिली असतील. ती बहुतेकदा ओनोरे दोमिए या चित्रकाराची असतात.

१८३१ मध्ये दोमिएने राजा लुई-फिलिपला अवाढव्य खादाड राक्षस दाखवलं. लोकांकडून गोळा केलेल्या नाण्यांच्या टोपल्या फळीवरून थेट त्याच्या तोंडात! या चित्रासाठी त्याला सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी सक्तीची केली आणि राजाची थट्टा बंद पडली. मग दोमिए डॉक्टर, घरमालक, वकील यांच्याकडे वळला. वकिलांची गाजलेली मालिका ‘ल शारिवारी’ या दैनिकात १८४५ ते १८४८ दरम्यान आली. लहानपणी तो कोर्टाच्या बेलिफाकडे पोऱ्या होता, त्यामुळे ही मंडळी त्याने जवळून पाहिलेली. गंमत म्हणजे आज ही चित्रं वकीलच हौसेने लावतात.

चित्र अस्सल आहे का? ही चित्रं शिळाप्रेसवर छापली जात. दैनिकातलं मूळ पान असेल तर मागे बातम्यांचा मजकूर दिसतो. मागची बाजू कोरी म्हणजे नक्कलच, असंही नाही. चांगल्या कागदावर वेगळ्या प्रतीही निघत. भिंगातून एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर मात्र ती आधुनिक छपाई.

नक्कल लावायलाही हरकत नाही. फक्त फ्रेमवाल्याला खालच्या ओळी झाकू देऊ नका. त्या बहुधा दुसरंच कुणी लिहीत असे, पण निम्मा विनोद तिथेच असतो.