अध्ययन-अक्षमता आणि 'दुसरा दाखला'

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दरवर्षी एखादा तरी असा विद्यार्थी येतो की, तोंडी विचारले तर धडाधड उत्तरे देतो, आणि वही उघडली की लाल शाईशिवाय काही दिसत नाही. मागे नववीतला एक मुलगा असाच होता. नकाशावरील नद्या तो न चुकता दाखवी. पण 'घर' लिहायला सांगितले की 'धर' लिही, 'भात'चा 'मात' करी. शाळेत त्याला 'ढ' हे नाव पडले होते. खरे सांगायचे तर, आम्हीही दोन वर्षे त्याच्याकडून शुद्धलेखनाची दहा-दहा पाने लिहून घेत होतो. ती आमची चूक होती.

या अडचणीला अध्ययन-अक्षमता म्हणतात. मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहूनही चांगली असते, डोळे-कान ठीक असतात. पण अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम निराळ्या रीतीने चालते. वाचनाची अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिस्कॅल्क्युलिया. पुष्कळदा या एकत्र आढळतात. हा आजार नव्हे, म्हणून औषधाने जात नाही. आळसही नव्हे, म्हणून छडीनेही जात नाही.

मराठी मुलांत याच्या खुणा मराठीच असतात. घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत होते, वेलांटी-उकार गळतात, जोडाक्षर फुटते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन; त्यामुळे २५ चे ५२ होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला! या मुलांचा विचार त्यात फारसा कोणी केला नाही. अर्थात पहिली-दुसरीत अशा चुका सर्वच मुले करतात. तिसरीनंतरही त्या हटत नसतील तर मात्र तपासणी करावी. शाळा बुडाल्यामुळे किंवा घरची बोली वेगळी असल्यामुळे मूल मागे पडले आहे काय, हेही तपासणारे पाहतात.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात या अक्षमतेला जागा नव्हती. तरीही महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने ती २१ प्रकारांत समाविष्ट केली. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे कलम १७ मध्येच दिली आहेत. आणि अशी मुले लवकर ओळखून काढण्याची जबाबदारी कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे.

मग आपली मुले मागे का राहतात? 'तारे जमीं पर' २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर गेला, पण दाखला गेला नाही. त्या मुलाच्या वडिलांना आम्ही समजावू लागलो तेव्हा ते म्हणाले, "एका दाखल्यावरून मी नोकरीत आयुष्यभर ऐकून घेतले. आता पोराच्या कपाळी दुसरा नको." यावर आमच्यापाशी पटकन उत्तर नव्हते. 'सवलत' हा शब्द टोमणा म्हणून ज्यांनी सोसला, त्यांना तो नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. पण जादा वेळ म्हणजे जादा गुण नव्हेत. उत्तर मुलाचेच असते, फक्त ते कागदावर उतरायला वेळ मिळतो. हे वडिलांना पटायला चार महिने गेले. पटविले ते त्याच्या आईने.

दाखल्यासाठी बुद्धिमापन चाचणी आणि शैक्षणिक चाचणी अशा दोन्ही घेतल्या जातात, डोळे-कानही तपासतात. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर येथे ही सोय आहे. एका दिवसात काम होत नाही, म्हणून दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नये, आठवीतच आरंभ करावा. मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्या मुलाच्या शाळेत आम्हाला "असे काही नसते" असे उत्तर मिळाले. आम्ही कलमाची प्रत पुढे ठेवली तेव्हा अर्ज घेतला गेला.

वर्गातल्या पुष्कळ गोष्टींना तर दाखलाही लागत नाही. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा, फळ्यावरचे उतरवून घेण्याची सक्ती नसावी, इतिहासाच्या पेपरात वेलांटीचे गुण कापू नयेत. लहान मुलांना अक्षर बोटाने धूळपाटीवर, तोंडाने उच्चार करीत गिरवू द्यावे.

त्या मुलाला लेखनिक म्हणून अभ्यासिकेतील आठवीची मुलगी मिळाली, कारण लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. पहिल्या सरावात दोघांचे मुळीच जमेना. तो भराभर सांगे, ती मागे पडे, आणि आकृतीपाशी दोघेही थांबत. डिसेंबरपासून दर रविवारी जुने पेपर सोडविले तेव्हा सूर जुळला. तो दहावी पास झाला, गणितात काठावर. यंदा लेखनिक म्हणून बसू शकतील अशा आठवी-नववीच्या मुलामुलींची नावे आम्ही अभ्यासिकेत लिहून घेत आहोत.